पेशीपटलावरील अभिक्रियांचे गणित

पटलाची रचना

जवळजवळ प्रत्येक सजीव पेशीभोवती मेदरेणूंचा दुहेरी थर असतो. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीचा वीस हजारावा भाग. या रेणूंची डोकी पाण्याकडे आणि शेपट्या एकमेकींकडे वळलेल्या असतात. त्यामुळे मधला भाग तेलासारखा राहतो आणि पाण्यात विरघळणारे बहुतेक रेणू तो ओलांडू शकत नाहीत. १९७२ साली सिंगर आणि निकोलसन यांनी या थराचे जे वर्णन केले, तेच थोड्याफार फरकाने आजही मानले जाते. हा थर भिंतीसारखा घट्ट नसून द्विमितीय द्रव आहे आणि प्रथिने त्यात रुतलेली असली तरी पृष्ठभागावरून सरकत राहतात. पटल हे पेशीचे कुंपण आहे, हे अर्धेच वर्णन झाले. पेशीतील कितीतरी महत्त्वाच्या अभिक्रिया याच पातळ थरावर घडतात आणि परीक्षानळीतील रसायनशास्त्राचे नियम तेथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

संकेत आत कसा पोहोचतो

इन्सुलिन, अ‍ॅड्रेनालिन किंवा वृद्धिघटक यांसारखे संदेशवाहक रेणू पेशीच्या आत न शिरताच आपले काम करून घेतात. ते बाहेरून ग्राही प्रथिनाला चिकटतात आणि ग्राहीचा आकार बदलतो. ईजीएफ या वृद्धिघटकाचे उदाहरण चांगले अभ्यासलेले आहे. तो चिकटला की दोन ग्राही जोडीने एकत्र येतात आणि एकमेकांच्या शेपटीवर फॉस्फेटचे गट बसवतात. त्या गटांना पेशीद्रवातील ग्रब-२ हे प्रथिन चिकटते आणि त्याच्याबरोबर सॉस हे प्रथिनही पटलापाशी येते. सॉस तेथे रास या प्रथिनाला चालू स्थितीत आणते. रास हे मेदाच्या शेपटीने पटलाला बांधलेले असते. त्याच्यापुढे राफ, मेक आणि अर्क अशी प्रथिनांची साखळी केंद्रकापर्यंत जाते. दुसऱ्या एका ग्राहीकुळाचा अभ्यास करताना मार्टिन रॉडबेल यांनी या व्यवस्थेचे तीन भाग पाडले होते : संकेत ओळखणारा, त्याचे रूपांतर करणारा आणि त्याला मोठा करणारा. ही विभागणी त्यांना माहितीशास्त्र आणि संगणक यांच्या परिभाषेतून सुचली. मधल्या भागाच्या, म्हणजे जी-प्रथिनांच्या, शोधासाठी त्यांना आणि आल्फ्रेड गिलमन यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिमान म्हणजे काय

संगणकीय प्रतिमान म्हणजे गृहीतकांचा काटेकोर संच. कोणता रेणू कोणाशी, किती वेगाने जुळतो आणि कधी सुटतो, हे गणिताच्या भाषेत लिहायचे आणि त्याचे परिणाम संगणकाकडून काढून घ्यायचे. सर्वांत साध्या प्रकारात प्रत्येक रेणूच्या संहतीसाठी एक अवकल समीकरण असते. त्याचा पाया १८६४ साली गुल्डबर्ग आणि वागे या नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी मांडलेला वस्तुमानक्रियेचा नियम होय. अभिक्रियेचा वेग तीत भाग घेणाऱ्या रेणूंच्या संहतींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, असे तो सांगतो. एवढ्या साध्या सामग्रीतूनही अनपेक्षित गोष्टी हाती येतात.  बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उपिंदर भल्ला यांनी रवी अय्यंगार यांच्यासह १९९९ साली अनेक संकेतमार्ग समीकरणांत एकत्र जोडून पाहिले. मूळ उद्दीपन थांबल्यावरही जोडलेले जाळे चालू स्थितीत टिकून राहू शकते, असे त्यात दिसले. हा गुण सुट्या मार्गांत नव्हता, तो जोडणीतून आला.

पहिले यशस्वी उदाहरण

पटलावरील घडामोडींचे पहिले मोठे संख्यात्मक प्रतिमान १९५२ सालचे आहे. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माखलीच्या जाड चेतातंतूवर मोजमापे घेतली आणि पटलातून जाणाऱ्या सोडियम व पोटॅशियमच्या प्रवाहांसाठी समीकरणे लिहिली. केंब्रिजचा संगणक त्या काळात फेरबदलांसाठी बंद होता, म्हणून हक्सली यांनी हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर ही समीकरणे सोडवली. त्यांतून निघालेला विद्युत्‌स्पंद प्रत्यक्ष नोंदीशी जुळला. पोटॅशियमच्या समीकरणात एका चलाचा चौथा घात येत होता. जणू मार्ग उघडण्यासाठी चार स्वतंत्र घटक एकाच वेळी अनुकूल असावे लागतात. १९९८ साली रॉडरिक मॅकिनन यांनी एका पोटॅशियम मार्गिकेची स्फटिकरचना प्रसिद्ध केली, तेव्हा ती चार सारख्या उपएककांची बनलेली दिसली. मात्र सोडियमसाठी त्याच समीकरणांत तीन घटक एका प्रकारचे आणि एक दुसऱ्या प्रकारचा होता. सोडियम मार्गिका प्रत्यक्षात चार सदृश विभागांच्या एकाच लांब प्रथिनाची असते, म्हणून तेथे आकडे आणि रचना यांचा मेळ इतका सरळ बसत नाही. प्रयोगाशी जुळणारे समीकरण म्हणजे यंत्रणेचा पुरावा नव्हे, हे दोघांनी मूळ निबंधातच स्पष्ट केले होते. त्यांची ही सावधगिरी त्यांच्या समीकरणांइतकीच मोलाची वाटते.

पटलावर येण्याचा लाभ

ग्रब-२ आणि सॉस यांना पेशीद्रवातून पटलावर बोलावून घेण्याची गरज काय, हा प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर आकडेमोड केल्याशिवाय कळत नाही. १० मायक्रोमीटर त्रिज्येची गोल पेशी घेतली तर तिचे घनफळ सुमारे ४,२०० घन मायक्रोमीटर आणि पृष्ठफळ सुमारे १,२६० चौरस मायक्रोमीटर भरते. पेशीद्रवात विखुरलेले प्रथिन पटलालगतच्या १० नॅनोमीटर जाडीच्या थरात आणले, तर त्याच्या वाट्याला सुमारे १२.६ घन मायक्रोमीटर जागा उरते. म्हणजे त्याची संहती जवळपास ३३० पटींनी वाढते. यावरून अभिक्रियाही ३३० पटींनी वेगवान होत असेल, असे वाटते.

तसे होत नाही. पेशीद्रवात मध्यम आकाराच्या प्रथिनाचा विसरण-गुणांक, म्हणजे पसरण्याच्या वेगाचे माप, सेकंदाला १० चौरस मायक्रोमीटरच्या आसपास असतो, तर पटलात रुतलेल्या प्रथिनाचा ०.१ च्या आसपास. पेशीद्रवातून १० मायक्रोमीटर अंतर जायला प्रथिनाला सरासरी दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्याच अंतराला पटलावर चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. रेणूंची गाठ पडण्यावरच अभिक्रिया अडून असेल, तर तिचा वेग संहती आणि विसरण या दोहोंवर अवलंबून असतो. ३३० पट लाभाला शंभरपट मंदगतीने भागले की हातात जेमतेम तिप्पट उरते.

खरा लाभ वेगळ्या ठिकाणी आहे. विसरण मंदावले की रेणूंचे जुळणे आणि सुटून दूर जाणे ही दोन्ही सारख्याच प्रमाणात मंदावतात. म्हणून समतोलाच्या वेळी किती जोड्या बांधलेल्या असतील, यावर मंदगतीचा परिणाम होत नाही आणि संहतीचा पूर्ण लाभ मिळतो. बोरिस खोलोदेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हाच मुद्दा मांडला. पटलावर आल्याने जोड्या लवकर जमतात, यापेक्षा जास्त जोड्या जमलेल्या राहतात, हे महत्त्वाचे आहे. एरवी एकमेकांशी दुबळेपणाने जुळणारी दोन प्रथिने पटलावर मात्र खात्रीने काम करू शकतात, त्याचे कारण हे आहे.

दोन मितींतील भटकंती

यादृच्छिक भटकंतीचा एक सुंदर नियम ज्यॉर्ज पोल्या यांनी १९२१ साली सिद्ध केला. चौकटीच्या सपाट जाळ्यावर दिशा न ठरवता भटकणारा कण आपल्या मूळ जागी कधी ना कधी नक्की परत येतो. तीन मितींच्या जाळ्यात मात्र तो परतण्याची शक्यता ३४ टक्क्यांच्या आसपास असते. याचा रसायनशास्त्रावर थेट परिणाम होतो. द्रावणात अभिक्रियेच्या कमाल वेगाचा स्थिरांक विसरण-गुणांक आणि रेणूंचा आकार यांवरून काढता येतो, हे स्मोलुखोव्स्की यांनी १९१७ च्या सुमारास दाखवले होते. पृष्ठभागावर असा खरा स्थिरांकच सापडत नाही. तो वेळेनुसार आणि रेणूंच्या दाटीनुसार हळूहळू बदलतो. पटलावर एकदा सुटलेली जोडी पुन्हा जुळण्याचा संभव मोठा असतो. म्हणून द्रावणात मोजलेला वेग-स्थिरांक उचलून पटलाच्या प्रतिमानात बसवणे ही या क्षेत्रातील नेहमीची चूक आहे आणि ती सहज लक्षातही येत नाही.

ग्राही किती असावेत

बाहेरचा रेणू पटलाजवळ आला की लगेच निघून जात नाही. तो त्याच परिसरात अनेकदा आपटतो. हॉवर्ड बर्ग आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ साली या निरीक्षणाचे गणित केले. १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या जीवाणूवर १ नॅनोमीटर त्रिज्येचे सुमारे ३,१०० ग्राही विखुरले, तर संपूर्ण पृष्ठभाग ग्राहींनी मढवल्यावर जेवढे रेणू पकडले जातील त्याच्या निम्मे पकडले जातात. हे ग्राही पृष्ठभागाचा हजारावा भागही व्यापत नाहीत. एकाच पेशीवर शेकडो प्रकारचे ग्राही एकमेकांना अडथळा न करता कसे नांदतात, याचा उलगडा या हिशेबातून होतो.

रेणू थोडे असतात तेव्हा

संहतीचे समीकरण रेणूंची संख्या प्रचंड आहे असे मानून चालते. पटलाच्या एखाद्या लहान तुकड्यावर सॉसचे दोन-चारच रेणू असतील, तर अडीच रेणू असे उत्तर निरर्थक ठरते. तेथे प्रत्येक घटना स्वतंत्रपणे मोजावी लागते. डॅनियल गिलेस्पी यांनी १९७०च्या दशकात दिलेली पद्धत यासाठी सर्वत्र वापरली जाते. दर पायरीला संगणक दोन यादृच्छिक संख्या घेतो. पुढची अभिक्रिया केव्हा घडेल हे एक सांगते आणि कोणती घडेल हे दुसरी. एमसेल आणि स्मोल्डिन या संगणक-प्रणाली याच्या पुढे जातात आणि प्रत्येक रेणूचे स्थानही नोंदवत राहतात. याउलट व्हर्च्युअल सेल ही प्रणाली सूक्ष्मदर्शकातून मिळालेल्या पेशीच्या खऱ्या आकारावर संहतीची समीकरणे सोडवू शकते. कोणती पद्धत श्रेष्ठ, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. रेणू किती आहेत आणि त्यांची जागा महत्त्वाची आहे की नाही, यावर निवड ठरते.

अवस्थांची बेसुमार वाढ

ग्राहीच्या शेपटीवर फॉस्फेट बसण्याची नऊ स्थाने आहेत आणि प्रत्येक स्थान भरलेले किंवा रिकामे असू शकते, असे मानले तर एका ग्राहीच्या ५१२ अवस्था होतात. दोन ग्राहींच्या जोडीच्या १,३१,३२८. त्यांत चिकटलेली प्रथिने मिळवली की समीकरणे हाताने लिहिणे अशक्य होते. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील संशोधकांनी यावर नियमाधारित पद्धत विकसित केली. प्रत्येक अवस्था लिहिण्याऐवजी ‘हे स्थान भरलेले असेल तर ग्रब-२ चिकटेल’ असे मोजके नियम लिहायचे. बाकीचे जाळे संगणक तयार करतो. २००६ साली ईजीएफ ग्राहीच्या अशाच एका प्रतिमानात थोड्या नियमांतून ३५६ रेणुप्रकार आणि ३,७४९ अभिक्रिया निर्माण झाल्या होत्या.

मिन प्रथिने : संपूर्ण उदाहरण

पटल आणि पेशीद्रव यांतील देवाणघेवाण काय घडवू शकते, हे इ. कोलाय या जीवाणूत सर्वांत स्पष्ट दिसते. दोन-चार मायक्रोमीटर लांबीचा हा दंडगोल बरोबर मधोमध विभागतो. मध्य शोधण्याचे काम मिन-सी, मिन-डी आणि मिन-ई ही प्रथिने करतात. ती बिघडली की टोकाशी विभाजन होऊन गुणसूत्र नसलेल्या चिमुकल्या पेशी सुटतात. त्यांच्यावरूनच ‘मिन’ हे नाव पडले. १९९९ साली रॅस्किन आणि डी बोअर यांनी मिन-डीला चमकणारे प्रथिन जोडले. तेव्हा ते एका टोकाच्या पटलावर गोळा होते, तेथून सुटते, दुसऱ्या टोकाला जमते आणि पुन्हा परतते, असे दिसले. ये-जा करण्याची एक फेरी साधारण एका मिनिटाच्या आसपास पूर्ण होते. विभाजन रोखणारे मिन-सी हे मिन-डीबरोबरच फिरते. दोन्ही टोकांना ते आलटून पालटून मुक्काम करते आणि मध्यभागी सरासरीने सर्वांत कमी वेळ असते, म्हणून विभाजन मध्यभागीच होते.

ही लय कोण धरते? पेशीत कोठेही घड्याळ किंवा टोकाची खूण गृहीत न धरता या प्रश्नाचे उत्तर देणारी अनेक प्रतिमाने २००१ पासून आली. त्यांपैकी हुआंग, मेयर आणि विनग्रीन यांचे २००३ सालचे प्रतिमान शिकवण्यासाठी विशेष उपयोगी आहे. त्यात टप्पे थोडेच आहेत. एटीपी हा ऊर्जावाहक रेणू धारण केलेले मिन-डी पटलाला चिकटते. आधी चिकटलेले मिन-डी आणखी मिन-डीला आणि मिन-ईलाही ओढून घेते. मिन-ई आल्यावर एटीपीचे विघटन होते आणि दोघे पटल सोडतात. सुटलेले मिन-डी लगेच परत चिकटू शकत नाही. त्याला आधी पेशीद्रवात नवे एटीपी घ्यावे लागते आणि त्याला सुमारे एक सेकंद लागतो.

सगळे मर्म या सेकंदात आहे. प्रतिमानातील विसरण-गुणांक सेकंदाला २.५ चौरस मायक्रोमीटर आहे. त्या हिशेबाने एका सेकंदात रेणू पेशीच्या लांबीच्या दिशेने दोन मायक्रोमीटरहून थोडा अधिक सरकतो. म्हणजे पुन्हा चिकटण्यास पात्र होईपर्यंत तो जुन्या टोकाजवळच्या मिन-ई जमलेल्या पट्ट्यातून बाहेर पडलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला जमण्याची शक्यता वाढते. हा विलंब प्रतिमानातून काढून टाकला, तर सुटलेला रेणू तेथल्या तेथे परत चिकटेल. मिन-डी वाढवले की आवर्तनकाळ वाढतो आणि मिन-ई वाढवले की तो घटतो, हे प्रयोगातले निरीक्षणही या प्रतिमानातून निघाले. विभाजन रोखून लांब वाढवलेल्या पेशींत दिसणारे मिन-डीचे पट्टेही निघाले.

यानंतरची कसोटी जास्त कठोर होती. २००८ साली पेत्रा श्विले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेवर पसरलेल्या कृत्रिम मेदपटलावर फक्त मिन-डी, मिन-ई आणि एटीपी घातले. पेशी नसतानाही पृष्ठभागावर प्रथिनांच्या लाटा धावू लागल्या. प्रतिमानांच्या गाभ्याला त्यातून भक्कम आधार मिळाला. पण या लाटांची लांबी जिवंत पेशीतील लाटांच्या सुमारे दहापट होती. हा फरक समजून घेताना प्रतिमानांत बदल करावे लागले. मिन-ई स्वतःही पटलाला चिकटून राहू शकते, ही गोष्ट जुन्या समीकरणांत नव्हती. जुळलेल्या आवर्तनकाळापेक्षा न जुळलेल्या या दहापटीने अभ्यासकांना जास्त शिकवले.

अणूंच्या पातळीवर

रास पटलाला कोणत्या बाजूने टेकते किंवा कोणते मेदरेणू त्याच्याभोवती जमतात, अशा प्रश्नांसाठी संहती पुरत नाही. तेथे अणूंच्या हालचालींचे सादृशीकरण लागते. त्याची एक पायरी साधारण २ फेम्टोसेकंदांची असते, म्हणजे एका मायक्रोसेकंदासाठी ५० कोटी पायऱ्या. खर्च कमी करण्यासाठी ग्रोनिंगेनच्या मार्टिनी पद्धतीत साधारणतः चार जड अणूंचा एक मणी मानतात. २०१४ साली याच पद्धतीने ६३ प्रकारच्या मेदरेणूंचे पटल संगणकात उभे केले गेले. तरीही हे तुकडे काही दशक नॅनोमीटरांचे असतात. त्यांतून मिळालेले वेग-स्थिरांक वरच्या पातळीवरील समीकरणांना पुरवणे, हा त्यांचा एक व्यवहार्य उपयोग आहे.

प्राचलांची अडचण

समीकरणे लिहिणे सोपे, त्यांतील आकडे, म्हणजे प्राचले, मिळवणे अवघड. मोठ्या प्रतिमानात अनेक वेग-स्थिरांक कधीच मोजलेले नसतात. ते प्रयोगाच्या नोंदींशी जुळवून ठरवले जातात. २००७ साली कॉर्नेल विद्यापीठातील गटाने १७ प्रसिद्ध प्रतिमाने तपासली. सर्वांतच काही प्राचल-समुच्चय घट्ट ठरलेले, तर बाकीचे बरेच हलवले तरी उत्तर जवळपास तेच, असे आढळले. म्हणून जुळवणीतून आलेला एखादा स्थिरांक खरा मानणे धोक्याचे, पण त्याच प्रतिमानाचे भाकीत मात्र विश्वासार्ह असू शकते. औषधशोधात याचा अनुभव आला आहे. ईजीएफ ग्राहीच्या कुळाच्या प्रतिमानावरून एर्ब-बी३ हा सदस्य संकेताचा नाजूक सांधा असल्याचे २००९ साली दाखवले गेले आणि त्याला रोखणारे प्रतिपिंडही तयार झाले. पेशींवर ते चालले. रुग्णांवरील पुढच्या चाचण्यांत मात्र अपेक्षित लाभ दिसला नाही. संकेतमार्गाचे गणित बरोबर असले, तरी अर्बुदातील पेशींची विविधता त्या गणिताबाहेर राहते.

समतोलात नसलेले पटल

वरील बहुतेक प्रतिमाने पटलाला शांत द्रव मानतात. प्रत्यक्षात त्याच्या खाली ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचे सतत जुळणारे आणि सुटणारे जाळे असते. जपानच्या अकिहिरो कुसुमी यांनी एकेका रेणूच्या मार्गाचा मागोवा घेतला. पटलावरचे रेणू काही काळ एका लहान कप्प्यात फिरतात आणि मग शेजारच्या कप्प्यात उडी घेतात, असे त्यांना दिसले. त्यामुळे एकच विसरण-गुणांक सांगणे पुरेसे नसते. कोणत्या अंतरावर आणि किती वेळात तो मोजला, हेही सांगावे लागते.

याहून मूलभूत अडचण बंगळूरच्या सत्यजित मेयर आणि मदन राव यांच्या कामातून पुढे आली.  मेदाच्या टोकाने पटलाला अडकवलेल्या काही प्रथिनांचे त्यांनी निरीक्षण केले. २० ते ४० टक्के रेणू जेमतेम चारपर्यंतच्या लहान झुबक्यांत असतात आणि बाकीचे एकेकटे. पृष्ठभागावरील रेणूंची एकूण संख्या बदलली तरी हे प्रमाण तेवढेच राहते, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. वस्तुमानक्रियेच्या नियमाप्रमाणे दाटी वाढली की झुबक्यांचा वाटा वाढलाच पाहिजे. तो वाढत नाही, कारण हे झुबके समतोलातून होतच नाहीत. ॲक्टिन आणि मायोसिन ही प्रथिने ऊर्जा खर्च करून त्यांना ओढून एकत्र आणतात आणि तंतू विस्कटले की झुबकेही विस्कटतात. २०१२ साली या गटाने जे प्रतिमान मांडले, त्यात पटलालगत फिरणाऱ्या आखूड ॲक्टिन तंतूंच्या ताऱ्यासारख्या रचना असून पटलावरचे रेणू त्यांच्या केंद्राकडे खेचले जातात. अशा समीकरणांत अभिक्रियेच्या वेगाबरोबर तंतूंची दिशा हाही एक चल असतो आणि ऊर्जेचा पुरवठा थांबवला की उत्तर बदलते.